अनुकृती आणि संकेत : स्नोबोर्डिंगच्या देहचलित खेळांची मीमांसा

१

कलाकृतीविषयी 'हे अगदी खऱ्यासारखे आहे' असा अभिप्राय जितक्या सहजतेने दिला जातो, तितक्या दक्षतेने तो तपासला जात नाही. नाटक, चित्र आणि कादंबरी यांच्या संदर्भात या अभिप्रायाचा अपुरेपणा मराठी समीक्षेने पूर्वीच ओळखला आहे. वास्तवाशी साम्य असणे हा गुण असला, तरी तो कलामूल्याचा निकष होऊ शकत नाही, ही गोष्ट आता सामान्यतः मान्य झाली आहे. व्हिडिओ गेम या अलीकडच्या प्रकाराची चर्चा सुरू झाली की मात्र हाच जुना अभिप्राय पुन्हा निकषाच्या आसनावर जाऊन बसतो. ज्या खेळांत बटणे दाबण्याऐवजी खेळाडूने स्वतःचे हात, पाय वा सर्व शरीर हलवावयाचे असते, त्यांची स्तुती आणि निंदा ही दोन्ही याच मापाने होत आली आहेत. हालचाल खऱ्यासारखी असेल तर खेळ उत्तम, नसेल तर फसलेला, असा हा सरळ हिशेब आहे.

प्रस्तुत लेखात या मापाची परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी स्नोबोर्डिंगचे, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाळ उतारावरून घसरत जाण्याच्या क्रीडेचे, खेळ निवडले आहेत. या क्रीडेत सर्व शरीर गुंतलेले असते आणि तिला आवश्यक असलेल्या तीनही गोष्टी, उतार, बर्फ आणि वेग, खेळाडूच्या खोलीत मुळीच नसतात. अनुकृती आणि मूळ वस्तू यांतील अंतर येथे जितके स्पष्ट दिसते, तितके टेनिस किंवा गोल्फ यांच्या खेळांत दिसत नाही. शरीराच्या हालचालींनी खेळ चालविण्याच्या पद्धतीस पुढील विवेचनात 'देहचलित नियंत्रण' असे म्हटले आहे.

२

प्रथम मूळ क्रीडेचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. तिचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी १९६५ च्या नाताळात दोन स्की एकत्र जोडून मुलींसाठी एक खेळणे केले; 'स्नर्फर' या नावाने ते पुढे बाजारात आले. आजच्या स्नोबोर्डचा तो एक पूर्वज होय. १९९८ मध्ये जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगला प्रथमच स्थान मिळाले.

या क्रीडेत देह प्रवासाच्या दिशेला आडवा असतो. एक खांदा पुढे, एक मागे आणि मान वळवून दृष्टी उताराकडे. फळीला दोन धारा असतात, एक पायांच्या बोटांच्या बाजूची आणि दुसरी टाचांच्या बाजूची. भार ज्या धारेवर टाकावा तिकडे फळी वळते. तोल क्षणभर चुकून उताराच्या खालच्या बाजूची धार बर्फात रुतली की स्वार आपटतो. अशा क्रीडेत नवशिक्याला मिळणारा पहिला धडा मोठा मार्मिक आहे. उतार पाहून भ्यालेले शरीर आपोआप मागे, डोंगराच्या बाजूला रेलते. पण मागे रेलताच पुढच्या पायाखालची पकड सुटते आणि फळी ऐकेनाशी होते. ताबा हवा असेल तर ज्या दिशेची भीती वाटते त्याच दिशेला, पुढच्या पायावर, भार द्यावा लागतो. अर्थात पुढे झुकणे ही येथे केवळ एक हालचाल नसून तो भीतीवर मिळविलेला जय असतो.

हे एकदा लक्षात आले की देहचलित नियंत्रणापुढील खरी अडचणही लक्षात येते. पुढे झुकण्याची हालचाल दिवाणखान्यात तंतोतंत करता येते. परंतु ज्या भीतीमुळे तिला अर्थ प्राप्त होतो, ती भीती तेथे नसते. हालचाल तीच राहते आणि तिचे मोल नाहीसे होते. म्हणून केवळ बाह्य साम्य वाढवीत गेल्याने अनुभव जवळ येईल, ही अपेक्षा मुळातच संशयास्पद ठरते.

३

देहचलित नियंत्रण येण्यापूर्वी या विषयावरील खेळ बटणांनी चालत, आणि त्यांतील उत्तम खेळ दुय्यम दर्जाचे होते असे म्हणता येत नाही. नागानो ऑलिंपिकच्याच वर्षी, १९९८ मध्ये, निन्टेन्डो कंपनीने आपल्या 'निन्टेन्डो ६४' या यंत्रासाठी 'टेन-एटी स्नोबोर्डिंग' हा खेळ प्रसिद्ध केला. हवेत तीन पूर्ण गिरक्या घेतल्या म्हणजे एक हजार ऐंशी अंश होतात, त्यावरून हे नाव पडले. ही गिरकी साधण्यासाठी अंगठ्याखालील दांडी वर्तुळाकार फिरवीत बटणे विवक्षित क्रमाने दाबावी लागतात. आणि हे सर्व फळी पुन्हा बर्फाला टेकण्यापूर्वी पुरे व्हावे लागते. उतरताना तोल सावरण्याचे कामही खेळाडूवरच असते.

अंगठ्याच्या या हालचालीत आणि स्वाराच्या गिरकीत बाह्य साम्य जवळजवळ नाही. तरीही सरावलेल्या खेळाडूला ती गिरकी 'आपण घेतली' असे वाटते. याचे कारण असे की येथे एक संकेत प्रस्थापित झालेला आहे. अक्षर आणि ध्वनी यांच्यात जसे साम्य नसते आणि तरी वाचणाराला अक्षरातून ध्वनीच ऐकू येतो, तसा हा प्रकार आहे. मात्र संकेत स्वैर असला तरी पोकळ नसतो. अंगठ्याचा वेळ खरोखरच चुकू शकतो, घाई खरोखरच नडते, आणि सरावाने येणारे कौशल्य हे खरेच कौशल्य असते. डोंगर खोटा, बर्फ खोटा. पण क्षण साधणे खरे. या एका लहानशा खऱ्या गोष्टीच्या आधारावर तो सर्व मायावी डोंगर उभा असतो. पुढील विवेचनाचे सूत्र हेच आहे.

४

२००६ च्या अखेरीस निन्टेन्डोचे 'वी' हे यंत्र बाजारात आले. दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली, यावरून त्याच्या लोकप्रियतेची कल्पना येईल. त्याचा 'रिमोट' एका हातात धरावयाचा आणि 'नन्चक' नावाचा, तारेने त्याला जोडलेला दुसरा भाग दुसऱ्या हातात. दोहोंत त्वरणमापक बसविलेले होते. त्वरणमापक हातांची स्थिती मोजत नाही. तो फक्त त्वरण मोजतो. हात स्थिर असेल तर त्याला केवळ गुरुत्वाकर्षण जाणवते आणि त्यावरून साधन कोणत्या बाजूला कलले आहे हे कळते. हात वेगाने हलू लागला की हाताचे त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांची सरमिसळ होते आणि कलाचा अंदाज डळमळीत होतो. हे वेगळे करून दाखविणारा जायरोस्कोप निन्टेन्डोने २००९ मध्ये 'मोशन प्लस' या जोडभागातून पुरविला.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीचा 'एसएसएक्स ब्लर' (२००७) हा खेळ या साधनावर उभारलेला आहे. २००० पासून चालत आलेल्या 'एसएसएक्स' या मालिकेचा स्वभाव मुळातच अतिशयोक्तीचा. तिच्यातील स्वार निसर्गनियमांना न जुमानता हवेत तरंगतात आणि अशक्य कसरती करतात. 'ब्लर'मध्ये नन्चक डावी-उजवीकडे कलवून फळी वळवावयाची, आणि हवेत असताना रिमोटला झटके देऊन गिरक्या व कोलांट्या साधावयाच्या. सर्वांत अवघड कसरतींसाठी मात्र एक निराळीच योजना होती. पुरेशी पट्टी भरल्यावर खेळाडूने हवेत रिमोटने एक आकृती, एखादा वळसा किंवा मोडती रेषा, काढावयाची; आकृती ओळखली गेली की पडद्यावर ती कसरत घडे.

या खेळाच्या प्रसिद्धीनंतर त्याच्यावर जे आक्षेप आले, त्यांत या आकृतींविषयीची तक्रार प्रमुख होती. आकृती नीट काढली तरी यंत्र ती ओळखत नाही, असा तिचा आशय. तक्रार रास्तच होती. पण तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे. हवेत आकृती काढणे हे स्नोबोर्डिंगसारखे मुळीच नाही, म्हणून ते फसले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु मागील उदाहरणातील दांडी फिरविणे तरी कोठे स्नोबोर्डिंगसारखे होते? आकृती काढण्याची कल्पना वस्तुतः अत्यंत समर्पक आहे. उतारावरून गेलेला स्वार बर्फावर रेषाच उमटवीत जातो. चांगल्या स्वाराची खूण म्हणजे त्याने मागे सोडलेले वळण. हाताने रेषा काढून कसरत 'लिहिणे' हा त्याच गोष्टीचा एक सुंदर संकेत होय.

दोष कल्पनेत नव्हता, वाचनात होता. मंद कलणे त्वरणमापकाला नीट वाचता येत असल्यामुळे नन्चकने फळी वळविण्याचा भाग पुष्कळ अंशी साधला. जलद आकृती वाचणे त्याला जड गेल्यामुळे कसरतींचा भाग डळमळला. चूक कोणाची, हाताची की यंत्राची, हेच खेळाडूला कळेना. बटणांच्या खेळात पडणारा स्वार आपल्या चुकीने पडतो आणि म्हणून पुन्हा उठतो. येथे पडण्याची जबाबदारीच अनिश्चित झाली, आणि तिच्याबरोबर उठण्याची ईर्षाही ओसरली. मागे सांगितलेली ती एक लहानशी खरी गोष्ट येथे हातातून निसटली.

५

'बॅलन्स बोर्ड' या साधनाचा विचार याहून अधिक बोधप्रद आहे. पायाखाली ठेवावयाची फळी ही कल्पना तशी नवी नव्हे. अमेरिकेतील अमिगा कंपनीने १९८२ मध्ये अटारी यंत्रासाठी 'जॉयबोर्ड' काढला होता आणि त्याच्याबरोबर 'मोगल मॅनिअॅक' हा स्कीचा खेळ दिला होता. जपानच्या नाम्को कंपनीने खेळगृहांसाठी 'अल्पाइन सर्फर' (१९९६) हे उभे राहून खेळावयाचे स्नोबोर्डिंगचे यंत्र केले. परंतु फळी घरोघर पोहोचली ती 'वी फिट' या व्यायामखेळाबरोबर. डिसेंबर २००७ मध्ये जपानमध्ये आणि पुढील वर्षी अन्यत्र तो प्रसिद्ध झाला.

बॅलन्स बोर्डच्या चार कोपऱ्यांत दाबमापक असतात. चारही ठिकाणच्या दाबांवरून उभ्या असलेल्या व्यक्तीच्या भाराचा मध्य कोठे पडतो एवढेच यंत्र काढते. गुडघे वाकले की नाही, खांदे कोठे आहेत, दृष्टी कोठे आहे, यांतील काहीच त्याला ठाऊक नसते. 'वी फिट'मधील स्नोबोर्डच्या शर्यतीत ही फळी उभी फिरवून तिच्यावर पडद्याला आडवे उभे राहावयाचे, आणि बोटांवर वा टाचांवर भार देत निशाणांमधून वाट काढावयाची. निशाण चुकले की दंडाची वेळ वाढते. खेळ एवढाच आहे. त्यात गिरकी नाही, कोलांटी नाही, चित्रणातही भव्यता नाही.

तरीही या साध्या खेळात असे काही घडते, जे अधिक महत्त्वाकांक्षी खेळांत घडत नाही. बोटांवर भार धरून लांब वळण घेताना पोटऱ्या थरथरू लागतात. घाई केली की भार पलीकडे फेकला जातो आणि पुढचे निशाण हुकते. शरीराला शांत राहून अगदी थोडे हलावे लागते आणि हे थोडे हलणेच कठीण असते. प्रत्यक्ष उतारावरही लांब वळणात पोटऱ्यांना अशीच तोशीस पडते. पण हे साम्य कोणी ठरवून आणलेले नाही. खेळाने शरीराकडून तोल मागितला, तोल ही गोष्ट दिवाणखान्यातही खरीच असते, आणि म्हणून तिच्यामागोमाग तिची खरी लक्षणेही आली.

याच फळीची मर्यादा उडीच्या प्रसंगी उघड होते. फळीवर उडी मारावयाची नाही, अशी निर्मात्यांचीच सूचना आहे. त्यामुळे 'वी फिट'मधील स्कीच्या उडीत खेळाडूने गुडघे वाकवून बसावयाचे आणि कड्याच्या टोकाशी ते झटक्यात सरळ करावयाचे. पाय मात्र फळीवरून सुटता कामा नयेत. पडद्यावरील आकृती आकाशात झेपावते आणि खेळाडू जागच्या जागी ताठ उभा राहतो. जेथे अनुकृती सर्वांत अशक्य, तेथे खेळाने उडीचा केवळ आरंभ ठेवला आणि बाकीचे खेळाडूच्या कल्पनेवर सोपविले. हा प्रसंग त्या खेळातील सर्वांत रम्य प्रसंगांपैकी एक आहे, आणि तो साम्याने साधलेला नाही.

ऑलिंपिकमध्ये २००६ व २०१० साली सुवर्णपदक मिळविणाऱ्या शॉन व्हाइट याच्या नावाने युबीसॉफ्टने काढलेला 'रोड ट्रिप' (२००८) हा 'वी'वरील खेळही बॅलन्स बोर्डवर खेळता येतो. प्रवासाची हलकीफुलकी चौकट आणि कसरतींची विविधता यांमुळे तो 'वी फिट'पेक्षा पुष्कळ समृद्ध आहे. तथापि, वळणांत पायांचा भार जो आनंद देतो, तो त्याच्या कसरतींत त्याच प्रमाणात उतरत नाही. कारण उघड आहे. वळण हे भाराचे कार्य आहे आणि फळी भार वाचते. कसरत हे सर्व देहाचे कार्य आहे आणि सर्व देह वाचणे फळीच्या शक्तीबाहेरचे आहे.

६

पुढील प्रयत्न साम्य वाढविण्याच्या दिशेने झाले. 'टोनी हॉक : राइड' (२००९) या स्केटबोर्डच्या खेळाबरोबर चाकाविना असलेली एक पूर्ण फळीच देण्यात आली, हालचाली टिपणारी साधने तिच्यातच होती. २०१० मधील 'टोनी हॉक : श्रेड' या उत्तरखेळात तिच्यावर स्नोबोर्डिंगचीही सोय झाली. फळीचा आकार, तिच्यावर उभे राहणे, ती उचलणे, कलविणे, सर्व काही खऱ्यासारखे होते. परंतु फळीचे प्रतिसाद भरवशाचे नाहीत, ही 'राइड'वरील टीका फार तीव्र होती आणि 'श्रेड'लाही ती पुसून टाकता आली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या 'किनेक्ट'मध्ये खोलीची खोली मोजणारा कॅमेरा सर्व देहाचा सांगाडाच टिपू लागला. पायाखाली काहीच नसल्यामुळे आता खरी उडी मारता येऊ लागली. पण पायाखाली काहीच नसल्यामुळे धार, भार आणि तोल यांची जाणीवही गेली. साम्य एका अंगाने वाढले आणि आधार दुसऱ्या अंगाने सुटला. साम्य हेच मूल्य असते, तर हे खेळ 'वी फिट'च्या त्या छोट्या शर्यतीपेक्षा सरस ठरावयास हवे होते.

७

या अनुभवाची उपपत्ती लावण्यास भरताच्या नाट्यशास्त्रातील लोकधर्मी आणि नाट्यधर्मी हा भेद उपयोगी पडतो. लोकव्यवहारात गोष्टी जशा घडतात तशा दाखविणे हे लोकधर्मी. रंगभूमीने स्वतःचे संकेत निर्माण करून त्या सूचित करणे हे नाट्यधर्मी. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात राजा रथातून मृगाचा पाठलाग करतो. रंगभूमीवर रथ नाही, घोडे नाहीत. राजा आणि सारथी वेगाचा अभिनय करतात, आणि वेगामुळे दूरची सूक्ष्म वस्तू क्षणात विशाल कशी भासते याचे वर्णन श्लोकातून येते. प्रत्यक्ष रथ आणला असता तर रंगभूमीच्या चार पावलांत त्याचा वेग हास्यास्पद झाला असता.

स्नोबोर्डिंगच्या खेळात श्लोकाचे काम पडदा करतो. झाडे लहानाची मोठी होत अंगावर येतात आणि मागे सरतात. वेगाची जाणीव डोळ्यांतून येते. देहाकडे उरतो तो आंगिक अभिनय. त्याने रथ ओढावयाचा नसतो, वेग सूचित करावयाचा असतो. या दृष्टीने पाहता नन्चकचे कलणे, हवेतील आकृती आणि न सुटणाऱ्या पायांची उडी हे सर्व नाट्यधर्मी प्रयोग होत, आणि 'श्रेड'ची फळी हा लोकधर्माचा अट्टहास होय.

मात्र नाट्यापासून येथे दोन ठिकाणी फरक पडतो. पहिला असा की येथे नट आणि प्रेक्षक एकच असतो; अभिनय दुसऱ्याला पटवावयाचा नसून स्वतःला पटावा लागतो. दुसरा फरक अधिक गंभीर आहे. नटाचा संकेत सहृदय प्रेक्षक वाचतो, अपुरा असला तरी पुरा करून घेतो. खेळाडूचा संकेत प्रथम यंत्राला वाचावा लागतो, आणि यंत्र सहृदय नसते. 'ब्लर'मधील आकृती माणसाने क्षणात ओळखली असती. म्हणून देहचलित खेळाच्या कर्त्याला असाच संकेत निवडावा लागतो, जो देहाला अर्थपूर्ण आणि यंत्राला निःसंदिग्ध असेल. बॅलन्स बोर्डवरील भाराचे सरकणे हा असा संकेत आहे. त्यात, सात्त्विक भावांत भरताने गणलेल्या वेपथूसारखी, न ठरविता येणारी थरथरही मिळून जाते.

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे जे चार वर्ग केले, त्यांत स्पर्धा व दैव यांच्याबरोबर सोंग आणि भोवळ हे दोन वर्ग आहेत. आणि स्कीची गणना त्यांनी भोवळीच्या वर्गात केली आहे. ही विभागणी स्वीकारली तर देहचलित नियंत्रणाचे कार्य नेमके सांगता येते. ते भोवळीचा खेळ सोंगाच्या खेळात रूपांतरित करते. रूपांतरात भोवळ नष्ट होणारच. तिच्या जागी काय येते यावर खेळाची किंमत ठरते. काहीच न येता केवळ सोंग उरले, तर हातवारे उरतात. तोल, क्षण वा कौशल्य यांपैकी एखादी खरी गोष्ट आली, तर सोंगालाही वजन येते.

८

या प्रतिपादनावर एक आक्षेप घेता येईल. ज्यांनी बर्फ कधी पाहिला नाही आणि जे पाहण्याचा संभवही नाही, अशा असंख्य लोकांना या खेळांनी आडवे उभे राहून वळण घेण्याचा निदान आभास दिला. त्यांच्या आनंदाला 'हातवारे' म्हणणे योग्य नव्हे. हा आक्षेप आदरणीय आहे. बटणांच्या क्रमांनी बिचकणारी माणसेही फळीवर निःशंकपणे उभी राहिली, हे या पद्धतीचे मोठेच कार्य होय. परंतु त्या आनंदाचे श्रेय साम्याला द्यावयाचे की सोपेपणाला, हे पाहिले पाहिजे. ज्याने बर्फ पाहिलेला नाही, त्याला साम्य कळण्याचे साधनच नाही. तरीही तो रमतो. तेव्हा त्याला रमविणारी गोष्ट साम्याहून निराळी असली पाहिजे.

शिवाय साम्याच्या आग्रहाची एक किंमत असते, आणि ती सर्वांना सारखी द्यावी लागत नाही. जो उभा राहू शकत नाही, त्याला फळीचा खेळ बंद आहे. ज्याचा हात दुबळा आहे, त्याला झटक्यांचा खेळ बंद आहे. अंगठ्याच्या संकेताने त्यांतील पुष्कळांना त्याच डोंगरावर नेले होते. देह जितका हुबेहूब मागावा, तितके देह वगळले जातात. 'खऱ्यासारखे' या निकषामागे खरा देह म्हणजे अमुकच देह असे गृहीत असते, हे समीक्षेने विसरता कामा नये.

९

या प्रश्नाला संशोधनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. 'वी' यंत्राचे आणि बॅलन्स बोर्डचे उत्पादन आता बंद झाले आहे. 'डॉल्फिन'सारख्या अनुकारक प्रणालींच्या साहाय्याने त्या यंत्राचे खेळ आजच्या संगणकावर चालविता येतात, आणि हातांची हालचाल एखाद्या बटणाला नेमून देता येते. 'ब्लर'मधील बिकट आकृती अशा रीतीने एका बोटाने घडवून आणता येईल. पडद्यावर तीच कसरत दिसेल. पण तो तोच खेळ असेल काय?

नाटकाच्या संहितेचा आणि प्रयोगाचा भेद जाणणाऱ्याला याचे उत्तर अवघड नाही. चकतीवरील आज्ञावली ही संहिता होय. ती सुरक्षित राहील. पोटऱ्यांतील थरथर, न सुटणाऱ्या पायांची उडी, हवेत रेषा ओढणारा आणि अनोळखी ठरणारा हात, हा प्रयोग होय; तो साधनाबरोबर नाहीसा होत आहे. लुप्त झालेल्या नाट्यपरंपरांविषयी संशोधकाला आज जी हळहळ वाटते, तिचे कारण हेच आहे की संहिता जपणारांनी अभिनय टिपून ठेवला नाही. म्हणून अशा खेळांचे जतन करताना साधन कोणते होते, ते काय वाचू शकत होते आणि काय नाही, खेळाडूने कसे उभे राहावयाचे असे, कोणती हालचाल निषिद्ध होती, याची नोंद चकतीइतकीच काळजीपूर्वक व्हावयास हवी. फसलेल्या प्रयोगांची नोंदही त्यात आली पाहिजे. 'ब्लर'च्या अपयशातून संकेत आणि वाचन यांचे नाते जितके स्पष्ट होते, तितके अनेक यशस्वी खेळांतून होत नाही.

सारांश, स्नोबोर्डिंगच्या देहचलित खेळांचे मूल्यमापन साम्याच्या मापाने केले असता चांगले खेळ सामान्य ठरतात आणि फसलेल्या खेळांचे खरे कारण झाकले जाते. डोंगर आणि दिवाणखाना यांच्यात समान अशी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे गुरुत्वाकर्षण. डोंगरावर ते स्वाराला खाली ओढते. खोलीत ते त्वरणमापकाला कल सांगते आणि फळीच्या चार कोपऱ्यांवर भार टाकते. ज्या खेळांनी या समान गोष्टीचा साधेपणाने उपयोग केला, ते टिकाऊ आनंद देऊ शकले. ज्यांनी डोंगरच खोलीत आणू पाहिला, त्यांच्या हाती फळी आली, उतार आला नाही.